रबराचा चुंबक, काळा कातळ आणि उष्णता

लोहचुंबक म्हटला म्हणजे नालाच्या आकाराचा पोलादी तुकडा विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु ज्यांच्या घरीं फ्रीज आहे, त्यांनीं त्याच्या दाराच्या कडेची मऊ पट्टी बोटांनीं दाबून पाहावी, व मग एक टांचणी तिच्याजवळ न्यावी. पट्टी रबरासारखी लवचिक, आणि तरीही टांचणी तिच्याकडे ओढली जाते!

रबर स्वतः चुंबक नव्हे. लोखंडाचा गंज आणि बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम या धातूचें संयुग एकत्र भाजलें असतां फेराइट नांवाचा पदार्थ तयार होतो. त्याची बारीक पूड रबरांत किंवा लवचिक प्लॅस्टिकांत मळून पट्ट्या काढतात, व त्यांस प्रबळ चुंबकाच्या प्रभावाखालीं ठेवतात. चिक्कींत गूळ दाण्यांस धरून ठेवतो, पण दाण्यांची चव दाण्यांचीच राहते. तसेंच हें होय.

आतां उष्णतेचा विचार करूं. लोखंडाचा प्रत्येक परमाणु हा एक चिमुकला चुंबकच असतो. प्रार्थनेच्या वेळीं मुलें ओळींत उभीं राहतात, तसे चुंबकांतील बहुतेक परमाणु एका दिशेस तोंड करून असतात. उष्णता म्हणजे त्यांची चुळबुळ. ती थोडी असेपर्यंत ओळ टिकते. फार वाढली कीं ओळ मोडते व चुंबकत्व नाहींसें होतें. पिएर क्यूरी यांनीं १८९५ मध्यें या विषयाचा सखोल अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून या मर्यादेस क्यूरीबिंदु म्हणतात. लोखंडाचा क्यूरीबिंदु सुमारें ७७० अंश सेंटिग्रेड, बेरियम फेराइटचा सुमारें ४५०. इतक्या तापांत रबर केव्हांच जळून जाईल; म्हणजे या चुंबकांत दाणे टिकतात, गूळच आधीं दगा देतो.

तथापि त्या मर्यादेच्या पुष्कळ आधींपासूनच शक्ति घटूं लागते. फेराइटची शक्ति दर अंशामागें सुमारें ०.२ टक्के कमी होते. बर्फाच्या पाण्यांतील पट्टी ६० अंशांच्या ऊन पाण्यांत घातली, तर शंभरांतील बारा भाग शक्ति तेवढ्यापुरती जाते, व निवल्यावर बहुतेक परत येते. मात्र एक गोष्ट वाचकांस उलटी वाटेल. बाहेरील विरोधी चुंबकापुढें फेराइट उन्हापेक्षां कडक थंडींतच लवकर हार खातो.

असाच मिश्र पदार्थ आपल्या पायांखालींही आहे. कोंकणच्या काळ्या कातळांत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण विखुरलेले असतात. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं हा कातळ तप्त लाव्हारसाच्या रूपानें वर आला. निवतांना तो ५८० अंशांच्या खालीं येऊं लागला, तेव्हां त्या कणांनीं पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकत्वाची दिशा धारण केली, आणि ती अजून सोडलेली नाहीं. तिच्या कलावरून शास्त्रज्ञांनीं ताडलें कीं, त्या काळीं आपली ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. निर्मात्याची ही दैनंदिनी दगडांत लिहिलेली आहे, असें आम्हांस वाटतें.

या कातळाच्या गुणाची अडचण मात्र आपल्या शेजारींच, अलिबागेस, सोसावी लागली असती. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४६ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद नियमानें होत असे. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर त्यांच्या प्रवाहानें सुया चळतील हें उघड झालें. डॉ. नानाभाई मूस यांनीं अलिबागेस नवी वेधशाळा उभारून १९०४ मध्यें तेथील नोंदी सुरू केल्या. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकदम मापन करून जुन्या नोंदीस नवी जोडून घेतली, आणि १९०७ मध्यें ट्राम धांवूं लागली.

इमारतीसाठीं जवळचा काळा दगड न घेतां चुंबकत्वरहित असा पोरबंदरी दगड आणला. पृथ्वीच्या चुंबकशक्तींत रोज होणारा चढउतार हजारांत एखाद्या भागाइतकाच असतो. आणि खोली कांहीं अंश तापली, तरी मापकांतील चुंबक जवळजवळ तेवढाच दुबळा होतो. मग कागदावर उमटलेली रेघ पृथ्वीची कीं दुपारच्या उन्हाची, हें कोणीं सांगावें? म्हणून खोलीचें उष्णमान दिवसरात्र जवळजवळ सारखें राहील, अशीच तिची बांधणी केली. तेथील मापन आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखालीं चालू आहे.