वशिंडाचा प्रवास

ब्राझीलमध्ये निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाच्या मेजवानीला 'शुरास्को' म्हणतात. लांब सळईला ओवलेलं, भरड मीठ लावलेलं गोमांस पाहुण्याच्या ताटाशी आणून सुरीनं कापून वाढायचं, ही तिथल्या शुरास्को उपाहारगृहांची रीत. त्यातल्या 'पिकान्या' या तुकड्याचं नाव आता जगभर पोचलं आहे. मला मात्र 'कुपीं'चं कुतूहल अधिक आहे, कारण त्याचा माग काढताना आपण थेट भारतात येतो. कुपीं म्हणजे वशिंड.

युरोपातून ब्राझीलला गेलेल्या गुरांना वशिंड नसतं. ते तिकडे पोचलं भारतीय गुरांबरोबर. उष्णता आणि गोचिडांपुढे युरोपीय जाती टिकेनात, तेव्हा एकोणिसाव्या शतकापासून तिथल्या पशुपालकांनी आपल्याकडची गुरं नेली. ओंगोलचं झालं 'नेलोर' (नेल्लूरवरून), कांक्रेजचं 'गुझेरा' (गुजरातवरून). गीर नावानं तशीच राहिली, उच्चार तेवढा 'झिर' झाला. आज तिथल्या मांसाच्या जनावरांत बहुसंख्य नेलोर किंवा तिचा संकर आहे. आणि वशिंडाला नाव मिळालं ते वारुळाचं! 'कुपीं' म्हणजे वाळवी, आणि वाळवीचं वारूळही. शब्द मूळचा तुपी या आदिवासी भाषेतला. आपल्या तुपाशी त्याचं काही नातं नाही.

हा प्रवास निर्विघ्न नव्हता. 1920 मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं वाटेत अँटवर्प बंदरात उतरली आणि बेल्जियममध्ये बुळकांडीची साथ पसरली. पशुरोगांवर देखरेख ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था 1924 मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली, त्यामागे हीच साथ होती. 1921 मध्ये बुळकांडी ब्राझीलमध्येही उद्भवली. पुढे 1962 साली भारतातून मोठी तुकडी गेली, तेव्हा ती गुरं आधी फर्नांदो दि नोरोन्या या बेटावर विलगीकरणात ठेवली गेली.

वशिंड म्हणजे नुसता चरबीचा गोळा, हा समज चुकीचा आहे. तो खांद्यावरचा स्नायू आहे. त्याच्या तंतूंमध्ये चरबी आणि चिवट संयोजी ऊती विणलेल्या असतात. म्हणून घाई केली तर ते चामड्यासारखं लागतं. गुंडाळून मंद आचेवर काही तास ठेवलं की त्या ऊतींतलं कोलॅजन वितळून जिलेटिन होतं, चरबी मांसात मुरते. मग उघड्या निखाऱ्यांवर वरची बाजू खरपूस करायची आणि पातळ काप काढायचे. चव लोण्यासारखी, असं तिथले लोक सांगतात.

आपल्याकडे या अवयवाचं काम निराळं. जू त्याच्या पुढ्यात मानेवर बसतं. ओढताना ते मागे सरकू लागलं की वशिंड त्याला अडवतं. नांगर आणि मोट यांचा भार शतकानुशतकं तिथेच पडत आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, तेव्हा हळद-तूप चोळतात तेही याच जागी. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. पण ट्रॅक्टर आल्यापासून ज्याच्या मानेवर जूच चढत नाही, असा बैल पोसायचा कशासाठी, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे आहे. आणि ज्या नेलोरचे कळप ब्राझीलच्या कुरणांवर वाढत गेले, तिच्या मूळच्या मुलखात तो ओंगोल पाळणाऱ्यांनाही चुकलेला नाही.