कंबरमोडी: धुऱ्यावरचं फूल आणि बोटावरची जखम

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग.

परवा निंदताना माझ्या बोटाला विळा लागला. आजीनं धुऱ्यावरचा पाला खुडला, तळहातावर चुरला आणि हिरवा रस जखमेवर पिळला. "काई होत नाई बापा, कंबरमोडी हाय." रक्त थांबलंही. पण मग आठवलं, त्याच धुऱ्यावर आपण चार दिवसांपूर्वी तणनाशक मारलंय! पोटात गोळाच आला.

कंबरमोडी तुम्ही रोज तुडवता. कुणी दगडीपाला म्हणतं, कुणी एकदांडी. आपल्या यवतमाळच्या मुरमाड जमिनीत, रस्त्याकडेला, पऱ्हाटीच्या कडेला ती जमिनीलगत पसरते आणि पेरापेरांतून मुळं सोडते. फूल मात्र एकेका लांब दांडीवर उभं राहतं, म्हणून एकदांडी.

आता ते फूल मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. ते एक फूल नाहीच! मधला पिवळा भाग म्हणजे बारीक नळीसारख्या फुलांचा गठ्ठा. कडेच्या पांढुरक्या पाकळ्या वाटतात त्याही स्वतंत्र फुलं, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. सूर्यफूल, झेंडू, करडई, शेवंती यांचंच हे कुळ. गाजर गवतही त्यातलंच. नातेवाईक काय निवडता येतात? बियांना पिसांसारखे केस असतात, वारा त्यांना दूर नेतो.

आणि गंमत म्हणजे हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. लिनियसनं 1753 मध्ये त्याला 'ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स' नाव दिलं. आजीला सांगितलं तर ती नुसती हसली.

औषधाचं म्हणाल तर या पाल्याचे जखमांवरचे प्रयोग उंदरांवर झालेत. पण धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि धुऱ्यावरचा पाला मातीनंच माखलेला असतो. शिवाय ग्लायफोसेटसारखं तणनाशक मारल्यावर पाला लगेच पिवळा पडत नाही. काही दिवस हिरवागारच दिसतो. म्हणजे नुसतं बघून फवारलेला पाला ओळखू येत नाही, आजीलाही नाही.

मी बोट साबण-पाण्यानं खळखळून धुतलं आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. आजी रुसली. मग बाबांनी विहिरीजवळचा धुरा यंदा फवारायचा नाही असं ठरवलं. तिथं सध्या कंबरमोडीवर फुलपाखरं बसताहेत. फोटो काढलेत, पुढच्या वेळी टाकतो.