गुलाबाच्या वासाचा पाला

जिरेनियमचं पान चुरगळलं की आधी गुलाब येतो आणि त्याच्या मागोमाग पुदिन्याची हिरवट झाक. पानावर बारीक लव असते. सगळा सुगंध त्या लवेच्या टोकांवरच्या ग्रंथींत. फुलात वासाच्या नावानं फारसं काही नसतं, म्हणून तेल काढायचं ते पाल्याचं. बाल्कनीच्या कुंडीत लाल फुलांचे झुबके मिरवणारं जिरेनियम याच्याच गोतावळ्यातलं, पण त्याच्या पानांत गुलाब शोधायला जाऊ नये.

मूळचं हे झुडूप दक्षिण आफ्रिकेतलं. सतराव्या शतकात युरोपात पोचलं, पुढे तेलासाठी अल्जेरियात आणि हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर त्याचे मळे झाले. रेयुनियनचं तेल आजही ‘बूर्बाँ’ नावानं मानानं ओळखलं जातं; बाजारातला बहुतेक माल मात्र आता इजिप्त आणि चीनचा. भारतात ते आलं तमिळनाडूतल्या यरकाडच्या डोंगरांत, तिथून निलगिरीत पसरलं. अलीकडे लखनौच्या ‘सीमॅप’ या संशोधन संस्थेनं रोपं आणि तंत्र पुरवल्यावर ते मैदानात उतरलं, आणि महाराष्ट्रातही कित्येकांनी ऊस-कांद्याच्या जोडीला ते लावून पाहिलं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर गुलाब महाग म्हणून. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात. जिरेनियमचा टनभर पाला किलो-सव्वा किलो तेल देतो, आणि पाला वर्षातून तीन-चारदा कापता येतो. गुलाबतेलाचा किलोचा भाव लाखांत, याचा हजारांत. सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल ही दोन्ही तेलांतली मुख्य द्रव्यं एकच. पुदिन्याची झाक देणारं आयसोमेंथोन तेवढं जिरेनियमचं स्वतःचं, आणि मुरलेलं नाक त्यावरूनच त्याला पकडतं.

गुलाबाच्या जागी दुसरं काहीतरी खपवायचा हा धंदा जुना आहे, आणि त्यात आपल्या खानदेशाचा हात मोठा. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेरच्या बाजूला रानातल्या रोशा गवताचं तेल काढत. भट्टीवाले कोवळ्या गवताला ‘मोतिया’ म्हणत, पिकल्या गवताला ‘सोफिया’. मोतियाच्या तेलाला भाव जास्त. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई, तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई, आणि युरोपच्या बाजारात त्याचं नाव होतं ‘तुर्की जिरेनियम तेल’. जिरेनियमशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, आणि ते तुर्कीही नव्हतं! ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1871 मध्ये जिरॅनिऑल शुद्ध रूपात वेगळं केलं, तेही भारतातून गेलेल्या अशाच गवताच्या तेलातून.

तेल काढण्याची रीत साधी आहे. कापलेला पाला टाकीत दाबून भरायचा, खालून वाफ सोडायची. वाफ तेल घेऊन वर जाते, थंड नळीतून पाणी होऊन उतरते, आणि शेवटच्या भांड्यात तेल पाण्यावर तरंगतं, फिकट हिरवं किंवा पिवळसर. पहिल्यांदा ते हुंगणारा हमखास नाक मुरडतो. ताज्या तेलात गंधकाचं एक उडून जाणारं संयुग असतं, त्याचा वास शिजवलेल्या कोबीसारखा. तेलाला काही दिवस हवा लागू दिली की तो जातो आणि गुलाब वर येतो.

या तेलाचं खरं काम साबणात, क्रीममध्ये आणि अत्तरात. पुरुषांच्या परफ्यूममध्ये ते लव्हेंडरशी छान जमतं, कारण त्यात गुलाबाचा गोडवा असूनही एक कोरडेपणा राहतो. बाकी बाटलीवर जे छापलेलं असतं, म्हणजे हार्मोन ताळ्यावर आणतं, सुरकुत्या घालवतं, चिंता पळवतं, ते मी तरी बाजूला ठेवतो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते काही जीवाणूंची वाढ रोखतं, हे खरं. पण बशीत मेलेला जंतू आणि बरा झालेला माणूस यांत बरंच अंतर आहे. डास थोडा वेळ लांब राहतात, तेल उडून गेलं की परत येतात. डेंग्यूच्या दिवसांत त्याच्या भरवशावर मच्छरदाणी गुंडाळून ठेवू नये.

लावायचंच तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळून, चमचाभर तेलात एक-दोन थेंब, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. ज्या सिट्रोनेलॉल-जिरॅनिऑलमुळे वास येतो, त्यांनीच काहींच्या त्वचेला पुरळ उठतं. म्हणून युरोपात ठरावीक प्रमाणापुढे ही नावं वेष्टनावर छापावी लागतात. पोटात घेऊ नये. घरात मांजर असेल तर बाटली तिच्यापासून लांब ठेवावी.

शेतकऱ्यापुढचा प्रश्न वेगळा. मुळाशी पाणी साचलं की हे झाड कुजतं, त्यामुळे काळ्या, निचरा नसलेल्या रानात पावसाळ्यात मर लागते. रोप छाटकलमातून तयार होतं, म्हणजे मर झाली की तूट भरायला पुन्हा रोपांचा खर्च. आणि रोपं विकणाराच तेल परत घेण्याची हमी देत असेल, तर ती हमी कागदावर आहे का, भाव कोणत्या प्रतीच्या तेलाला आहे, हे लागवडीआधी विचारावं. अत्तराचा व्यापारी वासावर थांबत नाही. तो तेलाचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागतो, कारण कारखान्यातलं स्वस्त सिट्रोनेलॉल घालून तेल वाढवणं सोपं आहे. त्या अहवालात द्रव्यांचं प्रमाण बिघडलेलं दिसलं की गुलाबाचा वास कितीही छान असो, तो माल परत पाठवतो.