महोदय, आवाज जरा कमी करा!

रात्रीचे साडेआठ वाजलेत. मालिकेतली सून नवऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजतेय. तुम्ही कान टवकारता, रिमोटने आवाज वाढवता आणि.. धडाम्! डिटर्जंटची जाहिरात! अख्खी बिल्डिंग जागी! हे तुमच्याही घरी होतं ना?

माझ्यासाठी हा निव्वळ डोक्यात जाणारा प्रकार होता, त्यापलीकडे काही नाही. बाबांचं मात्र वेगळं होतं. वय ७१, कानाने जरा कमी ऐकू येतं. संवाद कळावेत म्हणून ते टीव्हीचा आवाज २२ वर ठेवायचे. जाहिरात लागली की खालच्या काकू बेल वाजवायच्या. त्यांच्याकडे तान्हं बाळ, त्यांचंही चूक नाही. दोनदा असं झालं, मग बेल वाजायची बंद झाली. मला वाटलं, चला, मिटलं!

एकदा जेवताना मी सहज विचारलं, ‘‘बाबा, तुमच्या मालिकेत काय चाललंय?’’ बाबा पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, ‘‘अगं, ऐकू कुठे येतं? आवाज आठवर ठेवतो. नुसतं बघतो.’’

किती दिवस? तर चार महिने! आणि मी त्याच घरात राहते..

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला आणि चॅनेलला तणतणून मेल लिहिला. ‘तुम्हाला लाज वाटत नाही का’पासून ‘तुमचं चॅनेल बंद करून टाकू’पर्यंत सगळं त्यात होतं. मास कम्युनिकेशनची डिग्री, म्हटलं आता पणाला लावूच! बाबांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाले, ‘‘हा कचऱ्यात जाणार.’’

बाबा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. प्रवाशांची तक्रारवही त्यांच्याच टेबलावर असायची. ‘‘सेवा सुधारा असं कोणी लिहिलं की आम्ही ‘नोंद घेतली’ असं कळवायचो, विषय संपला. पण गाडी नंबर, तारीख, वेळ लिहिणारा प्रवासी आला की चौकशी करावीच लागायची. वाचणाऱ्याला पळवाट ठेवायची नाही, बघ.’’

मग आम्ही दोघं कामाला लागलो. मला वाटलं होतं, आपल्याकडे याला काही नियमच नसेल. पण आहे! केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला सातवा नियम जाहिरातींचा. जाहिरातीचं चित्र आणि आवाज अवाजवी ‘लाऊड’ नसावेत, असं तो चक्क म्हणतो. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत, त्यातही दहा मिनिटं व्यावसायिक आणि दोन मिनिटं चॅनेलच्या स्वतःच्या, हेही तिथेच. (ही मर्यादा चॅनेल्सना झोंबणारी आहे. तिची सक्ती होऊ लागली तेव्हा २०१३ मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते.)

जून २०२१ मध्ये याच नियमांत तक्रारीच्या तीन पायऱ्या आल्या. पहिली पायरी चॅनेल. त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. नाही पटलं तर चॅनेल्सची स्वयंनियमन संस्था आणि त्याच्या वर केंद्र सरकारची समिती.

एक गोष्ट मात्र कळून घ्या. नायिका तिसऱ्यांदा मेली आणि चौथ्यांदा जिवंत झाली, ही तक्रार नव्हे! ती आपली नावड. ती जरूर कळवा, पण नियम तिथे मदतीला येत नाही.

आमचं नवं पत्र अकरा ओळींचं झालं. तीन दिवसांच्या तारखा, प्रत्येक ब्रेकची वेळ, रिमोटला हात न लावता मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि नियमाचा क्रमांक. शेवटची ओळ बाबांची : ‘जाहिरात ऐकू येते, मालिका ऐकू येत नाही. मी मालिका बघण्यासाठी पैसे भरतो.’

दुसऱ्या दिवशी पोच आली. चौदाव्या दिवशी उत्तर : आवाजाची पातळी तपासली, ती मर्यादेत आहे, तरी संबंधित विभागाला कळवलं आहे. मी वैतागले. ‘‘म्हणजे नोंद घेतली! बाबा, सोडा आता.’’

‘‘सोडा काय? दुसरी पायरी आहे ना?’’

जाहिराती कमी किंचाळतात का? खरं सांगायचं तर फारसा फरक नाही. बाबांसाठी मी वायरलेस हेडफोन आणलेत. आवाज हवा तेवढा, काकूही खूश. अपिलाचा मसुदा मात्र तयार आहे. रोज साडेआठला बाबा वही, पेन आणि मनगटी घड्याळ घेऊन टीव्हीसमोर बसतात. परवा मी मध्येच काहीतरी विचारलं, तर हात वर करून म्हणाले, ‘‘थांब जरा. ऐकतोय.’’

तक्रारीचा फंडा
* राग उतरल्यावरच लिहा. एका पत्रात एकच मुद्दा.
* चॅनेल, कार्यक्रम, तारीख, वेळ हवीच. पुरावा जपून ठेवा.
* आधी चॅनेलच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, पोच सांभाळा, १५ दिवस मोजा.
* पुढची पायरी : मनोरंजन चॅनेलसाठी २०११ मध्ये सुरू झालेली बीसीसीसी, बातम्यांच्या बऱ्याच चॅनेल्ससाठी एनबीडीएसए. जाहिरातीतल्या खोट्या दाव्यांसाठी मुंबईची एएससीआय, ती १९८५ पासून आहे.
* आणि हो, घरात कोणी ‘नुसतं बघत’ तर नाही ना, हे एकदा विचारा.