आउटलुक उघडत नाही, म्हणजे मेल गेले असं नाही

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला कारखाना असो, बदलापूरची केमिकल कंपनी असो की उल्हासनगरच्या कॅम्पातला जीन्सचा व्यापारी. ऑर्डर, कोटेशन आणि बिलांचा सारा पत्रव्यवहार अनेक ठिकाणी आजही ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये साठलेला असतो. एक दिवस ते उघडत नाही आणि ‘सगळे मेल गेले’ म्हणून धावपळ सुरू होते. खरं नुकसान बहुतेकदा या धावपळीतच होतं.

मेल पुसले गेले, हा पहिला गैरसमज. अशा ऑफिसांत आउटलुक मेल, पत्ते, कॅलेंडर असं सगळं सहसा एकाच पीएसटी फाइलमध्ये ठेवतं. काम चालू असताना लाइट गेली, तर या फाइलची आतली अनुक्रमणिका अर्धवट लिहिली जाऊ शकते. मजकूर बहुधा जागच्या जागी असतो. फाइल फुगल्यावरही असंच होतं. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. २००३ मध्ये नव्या प्रकारच्या फाइलसाठी ती २० जीबी झाली आणि २०१० पासून ५० जीबी. मात्र जुन्या प्रकारची फाइल नव्या आउटलुकमध्ये उघडली, तरी तिची २ जीबीची मर्यादा तशीच राहते. ‘ऑफिस नवं घातलंय, आता काळजी नाही’ असं म्हणणारे इथेच फसतात.

डिलीट केलं की फाइल लहान होते, हेही खरं नाही. जागा आतल्या आत रिकामी होते. आकार घटतो तो कॉम्पॅक्ट केल्यावर. चुकून उडवलेला मेल परत हवा असेल, तर कॉम्पॅक्टला हात लावू नका. तो मेल त्या रिकाम्या जागेत अजून असू शकतो.

ऑफिससोबत स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं टूल फुकट येतं. ‘चालवून बघायला काय जातं?’ असं विचारलं जातं. जातं ते असं, की हे टूल मूळ फाइलमध्येच बदल करतं आणि ज्याचा अर्थ लागत नाही तो भाग टाकून देतं. म्हणून आधी आउटलुक बंद करा, पीएसटीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि टूल त्या प्रतीवर चालवा. एका फेरीत काम झालं नाही, तर पुन्हा चालवा. नंतर ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डर उघडून बघा. हरवलेले मेल अनेकदा तिथे सापडतात.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुकानदार ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणाला, तर आधी थांबवा. पीएसटी सहसा सी ड्राइव्हवरच असते, आणि एसएसडी असेल तर फॉरमॅटनंतर ती परत मिळणं जवळजवळ अशक्य.

सर्व्हरवर प्रत असतेच, हेही गृहीत धरू नका. आयमॅप प्रकारचं मेल खातं असेल तर सहसा असते. पीओपी असेल तर सेटिंगप्रमाणे मेल उतरताच किंवा काही दिवसांनी सर्व्हरवरून काढला जातो.

बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात ठेवण्यात अर्थ नाही. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं. अशा वेळी कॉम्प्युटर आणि बॅकअप दोन्ही एकदम भिजतात. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि त्यातली किती बिलं आज फक्त मेलमध्ये आहेत ते तुम्हालाच ठाऊक. तेव्हा आज ऑफिस बंद करताना पीएसटीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क घरी घेऊन जा.