मोफत सॉफ्टवेअरची शिफारस : कांहीं पथ्यें

बियाण्याच्या पिशवीस शिवलेल्या चिठ्ठीचें महत्त्व आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पैदासकार बियाण्यास पिवळी, पायाभूत बियाण्यास पांढरी, प्रमाणित बियाण्यास निळी आणि सत्यप्रत बियाण्यास हिरवी, अशी ही चिठ्ठी असते. सन १९६६ चा बियाणें कायदा व त्याखालील नियम ह्यांनीं ही व्यवस्था घालून दिली आहे. चिठ्ठीचा रंग पाहतांच घेणारास समजतें कीं, हें बियाणें कोणीं तपासलें आहे व त्यावर कितपत भिस्त ठेवावी. हिरव्या चिठ्ठीचें बियाणें विकण्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु त्यास निळी चिठ्ठी लावून विकणें ही उघड फसवणूक होय.

हल्लीं बियाण्याप्रमाणेंच आणखी एक वस्तु शेतकऱ्यांमध्यें हातोहात फिरूं लागली आहे. ती म्हणजे मोबाइलवरील व संगणकावरील मोफत सॉफ्टवेअर, अर्थात् यंत्राकडून काम करून घेण्याची आज्ञावली. पिकाची नोंद, हवामानाचा अंदाज, बाजारभाव, जमाखर्च, कागदपत्रांच्या नकला, ह्या सर्व कामीं तिचा उपयोग होतो. सोसायटीच्या कचेरींत, बाजारांत किंवा मोबाइलवरील गटांत कोणी तरी सांगतो, "हें ॲप घ्या, फुकट आहे, फार चांगलें आहे." ह्या शिफारशीस चिठ्ठी नसते. सांगणारानें तें ॲप एक हंगामभर वापरलें आहे, कीं पांच मिनिटांपूर्वीं आलेला निरोप त्यानें तसाच पुढें ढकलला आहे, हें ऐकणारास कळावयास मार्ग नसतो. शिफारशीसही चिठ्ठी लावण्याची चाल आपल्यांत पडावी, एवढेंच ह्या लेखांत आम्हांस सुचवावयाचें आहे.

फुकट, मोफत आणि मुक्त

प्रथम "फुकट" ह्या शब्दाचा उलगडा केला पाहिजे, कारण त्या एका शब्दाखालीं तीन निरनिराळ्या वस्तु वावरत असतात.

पहिली वस्तु म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं सन १९८३ मध्यें ग्नू नांवाचा उपक्रम जाहीर केला आणि १९८५ मध्यें फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस पाहतां यावा, त्यांत सुधारणा करतां यावी व ती दुसऱ्यास देतां यावी, हें त्यांचें तत्त्व. इंग्रजींत "फ्री" ह्या एकाच शब्दानें स्वतंत्र आणि विनामूल्य असे दोन्ही अर्थ होत असल्यानें त्यांस हें वारंवार समजावून सांगावें लागलें. मराठींत मुक्त व मोफत असे दोन शब्द असल्यानें आपली ती अडचण नाहीं. चित्रफिती पाहण्याचें व्हीएलसी हें सुपरिचित सॉफ्टवेअर ह्याच जातीचें आहे. पॅरिस येथील विद्यार्थ्यांच्या १९९६ मधील उपक्रमांतून तें निघालें व २००१ पासून मुक्त परवान्याखालीं आहे.

दुसरी वस्तु मोफत खरी, परंतु मुक्त नव्हे. तिचा मूळ मजकूर मालकाजवळच राहतो, आणि त्याचा खर्च जाहिरातींतून, कांहीं वेळां वापरणाराच्या माहितींतूनही, भरून निघतो. तिसरी वस्तु कांहीं दिवसांपुरती मोफत असते. मुदत संपली कीं पैसे मागते, आणि तोंपर्यंत आपला सारा हिशेब तिच्यांत जाऊन बसलेला असतो.

ह्यांतील मुक्त सॉफ्टवेअर त्यांतल्या त्यांत विश्वासाचें खरें. तथापि त्याच्याही परवान्यांत एक कलम असतें, तें फार थोडे लोक वाचतात. सन १९८९ पासून प्रचारांत असलेल्या जीपीएल ह्या परवान्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे कीं, ही आज्ञावली उपयोगी पडेल ह्या आशेनें दिली आहे, परंतु तिच्याबद्दल कसलीही हमी दिलेली नाहीं. करणारा स्वतः हमी देत नसतां, ज्यानें ती एकदांही चालवून पाहिली नाहीं अशा तिऱ्हाइतानें "अगदीं खात्रीची आहे" असें सांगावें, हें विचित्र नव्हे काय?

न तपासतां घेतल्याचीं फळें

डिसेंबर १९८९ मध्यें एड्स ह्या रोगाविषयीं माहिती देणाऱ्या सुमारें २०,००० तबकड्या टपालानें निरनिराळ्या देशांतील लोकांस पाठविण्यांत आल्या. घेणारांमध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स-परिषदेस हजर राहिलेले लोकही होते. विषय उपयुक्त, वस्तु घरपोंच आलेली. अनेकांनीं ती संगणकांत घातली. यंत्र सुमारें ९० वेळां सुरू होईपर्यंत कांहींच विपरीत घडलें नाहीं. नंतर फायलींचीं नांवें ओळखूं येईनाशीं झालीं, आणि १८९ डॉलर पनामा येथील एका टपालपेटीवर पाठवावे अशी मागणी पडद्यावर आली. यंत्र ओलीस धरून पैसे मागण्याच्या प्रकारांतील हा अगदीं आरंभींचा दाखला होय. आठ दिवस चालवून "चांगली आहे" म्हणणारासही ह्या तबकडींतील दोष दिसला नसता, हें येथें लक्षांत घ्यावें.

दुसरें उदाहरण आमच्या वाचकांच्या अधिक परिचयाचें आहे. सातबारा, पासबुक इत्यादि कागदांचीं छायाचित्रें घेऊन त्यांच्या स्वच्छ नकला करणारें कॅमस्कॅनर हें ॲप पुष्कळांनीं वापरलें असेल. तें १० कोटींहून अधिक वेळां डाउनलोड झालेलें होतें व वर्षानुवर्षें लोक त्याची वाखाणणी करीत होते. ऑगस्ट २०१९ मध्यें कॅस्परस्की ह्या कंपनीच्या तपासनीसांस त्याच्या नव्या आवृत्तींत, जाहिराती दाखविणाऱ्या भागांत, घातक आज्ञावली सांपडली. गूगलनें तें आपल्या दुकानांतून काढलें, व दोष दूर केल्यावर पुन्हां ठेवलें. पुढें जून २०२० मध्यें भारत सरकारनें ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यांत हेंही होतें. सन २०१८ मध्यें ज्यानें हें ॲप सुचविलें तो खोटें बोलला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्याची शिफारस २०१८ सालच्या वस्तूची होती, आणि वस्तु मागाहून बदलली. बियाण्याच्या चिठ्ठीवर तपासणीची तारीख घालतात ती ह्याच कारणानें.

तिसरा प्रकार आपल्या उंबऱ्यापाशीं येऊन ठेपला आहे. पीएम किसान योजनेखालीं २०१९ पासून वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं शेतकऱ्यांच्या खात्यांत जमा होतात. त्या योजनेचें नांव धारण करणारी खोटी फाईल मोबाइलवर पाठवून लुबाडण्याचे प्रकार देशांत ठिकठिकाणीं उघडकीस आले आहेत. अशी फाईल बसविली म्हणजे ती संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती परवानगी मिळतांच बँकेकडून आलेला ओटीपी चोराच्या हातीं जातो व खातें रिकामें होतें. पुष्कळदां तीच फाईल मालकाच्या नकळत त्याच्या ओळखीच्या सर्व लोकांस पाठविली जाते. घेणारास वाटतें, आपल्या सोयऱ्यानेंच पाठविली, आणि त्या विश्वासावर तो ती उघडतो. न तपासतां पुढें पाठविण्याची संवय आपल्यांत आहे, म्हणूनच ह्या चोरांचें फावतें.

शिफारशीची चिठ्ठी

ह्यावर कोणी म्हणेल, मग कोणास कांहींच सुचवूं नये काय? आमचें मत तसें नाहीं. नवी वस्तु कोणी तरी प्रथम घेतल्यावांचून तिची परीक्षा होणार कशी? न वापरलेली वस्तु सुचविण्यास प्रत्यवाय नाहीं. ती वापरली आहे असा भास उत्पन्न करण्यास मात्र आहे. यास्तव प्रत्येक शिफारशीस पुढील तीनपैकीं एक चिठ्ठी असावी.

(१) "मीं स्वतः वापरलें." येथें किती दिवस, कोणत्या कामासाठीं, कोणत्या मोबाइलवर व केव्हां वापरलें, हें सांगावें.

(२) "दुसऱ्यास वापरतांना पाहिलें." येथें तो कोण व त्याचा अनुभव काय, हें सांगावें.

(३) "केवळ ऐकलें अथवा वाचलें, तपासलेलें नाहीं." हें वाक्य आरंभींच घालावें, शेवटीं नव्हे; कारण शेवटापर्यंत वाचण्याआधींच पुष्कळांचें बोट बटणावर पडलेलें असतें.

ज्यास पहिली चिठ्ठी लावावयाची आहे त्यानें गुणांबरोबर निदान एक दोषही सांगावा. शेतांत इंटरनेट नसतां तें चालतें काय? त्यांत भरलेला हिशेब बाहेर काढून कागदावर घेतां येतो काय? काढून टाकल्यावर पैशांची मागणी मागें राहते काय? हे प्रश्न वापरणारासच सुचतात, आणि ज्यास एकही दोष आढळला नाहीं त्यानें ती वस्तु पुरती वापरली नसावी, असें समजण्यास हरकत नाहीं. तसेंच, सुचविल्याबद्दल आपणांस कांहीं पैसे किंवा सवलत मिळणार असेल तर तें न लपवितां सांगावें. दलालानें आपली दलाली सांगितल्यानें त्याची पत कमी होत नाहीं.

फाईल देऊं नये, नांव द्यावें

शिफारस करतांना फाईल स्वतः पाठविण्यापेक्षां ॲपचें नांव, तें करणाऱ्या संस्थेचें नांव व मिळण्याचें मूळ ठिकाण सांगावें. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जातांना फाइलींत फेरफार झाला तर तो नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. अँड्रॉइड मोबाइल दुकानाबाहेरची फाईल बसविण्यापूर्वीं स्वतंत्र परवानगी मागतो. ती मागणी म्हणजे वाटेंतील फाटक समजावें व तेथें थांबावें.

पंधरा ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत सर्वत्र सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचें उदाहरण घेऊं. तिच्या ॲपच्या आवृत्त्या वेळोवेळीं बदलत गेल्या आहेत. मागील हंगामांतील जुनी फाईल जपून ठेवून ती शेजाऱ्यास देणें हा उपकार नव्हे. तिनें नोंद झाली नाहीं तर सातबाऱ्यावर पीक लागणार नाहीं, आणि तें त्यास मुदत टळल्यावर कळेल. नांव सांगितलें असतें तर त्यास चालू आवृत्ति मिळाली असती.

चाचणी कशी घ्यावी

नवी जात सबंध शेतांत कोणी पेरीत नाहीं. गुंठाभर पेरून पाहतो. त्याप्रमाणें शक्य असल्यास जुन्या मोबाइलवर, ज्यांत बँकेचें खातें जोडलेलें नाहीं, ॲप प्रथम बसवावें. तें कोणत्या परवानग्या मागतें तें पाहावें. हवामान सांगणारास आपलें ठिकाण लागेल हें समजतें; संदेश कशाला लागावेत? ॲक्सेसिबिलिटी नांवाची परवानगी तर विशेष जपून द्यावी. तिनें ॲपला पडद्यावरील मजकूर वाचतां येतो व आपल्या जागीं बटणेंही दाबतां येतात. अपंगांच्या सोयीसाठीं ती निर्माण झाली. इतर ॲपनें ती मागितल्यास कारण विचारावें, आणि तें पटलें नाहीं तर ॲप काढून टाकावें.

घेणाराचेंही कर्तव्य आहे. "तुम्ही स्वतः वापरलें काय?" हा प्रश्न विचारण्यांत अविश्वास नाहीं. वडीलधाऱ्या मंडळींनीं सुचविलें असतां विचारण्यास संकोच वाटतो. तेव्हां वडीलधाऱ्यांनींच तो प्रश्न न विचारतां सांगून टाकण्याचा पाठ घालून द्यावा. आणि वापरून पाहिल्यावर जो अनुभव आला, बरा अथवा वाईट, तो सुचविणारास परत कळवावा. त्यावांचून तिसऱ्या चिठ्ठीची वस्तु पहिल्या चिठ्ठीस कधींच चढणार नाहीं.

आपण सुचविलेल्या वस्तूंत दोष निघाल्याचें कळल्यास जेथें शिफारस केली तेथेंच, तितक्याच ठळकपणें, ती मागें घ्यावी. जुना मजकूर गुपचूप पुसून टाकल्यानें ज्यांनीं तो आधींच वाचला त्यांचें रक्षण होत नाहीं. दोष सांगणारावर रागावूं नये, व शिफारस मागें घेणारास हिणवूंही नये. हिणविल्यास पुढील खेपेस तो गप्प बसेल, आणि त्याचें नुकसान सर्वांस सोसावें लागेल. खात्यांतून पैसे गेल्याचें आढळल्यास क्षणाचाही विलंब न करतां मोबाइलचें इंटरनेट बंद करावें, दुसऱ्या फोनवरून १९३० ह्या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावें.

मोफत वस्तूचें मूल्य देणारास पडत नाहीं, पण घेणारास तें केव्हां केव्हां सबंध हंगामाच्या कमाईनें चुकवावें लागतें. आपल्या गांवांत एकमेकांच्या शब्दावर बी, बैल आणि उसनवारी आजवर चालत आली, ती शब्द तोलून वापरला जात होता म्हणून. तोच तोल ह्या नव्या वस्तूंविषयीं बोलतांना ठेवावा, अशी आमची सर्व सभासद बंधुभगिनींस विनंती आहे. पुढील वेळीं "चांगलें आहे" असें लिहिण्यापूर्वीं चिठ्ठी कोणत्या रंगाची लावावयाची, एवढें स्वतःस विचारावें.