कवडीची किंमत

'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' हे शब्द तुम्ही ऐकलेच असतील. मीही ते वर्गात शिकवते. पण कवडीची खरी किंमत मला एका आजींनी शिकवली.

शाळेचं गॅदरिंग जवळ आलं होतं. मी तिसरीतल्या एका मुलीला म्हटलं, "तू तांड्यावरची ना? मग आजीचा ड्रेस घालून ये. वेशभूषेत पहिला नंबर तुझाच!" ती गप्पच राहिली. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः गाठोडं घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाई, सोंग वाघाचं घ्यावं. हे तर आमचं लेणं आहे."

मी खजील झाले. म्हटलं, "आजी, मग तुम्हीच मुलांना सांगा ना!"

गाठोडं सुटलं. काचळी म्हणजे चोळी, फेटिया म्हणजे घेरदार घागरा आणि टुकरी म्हणजे ओढणी. रंगीत कापडाचे तुकडे जोडलेले आणि त्यांवर आरसे, काचमणी, कवड्या. सगळं सुईदोऱ्याने, एकेक मणी टाचून केलेलं!

एका मुलाने विचारलं, "आजी, आपल्याकडे समुद्र नाही. मग या कवड्या आल्या कुठून?"

छान प्रश्न! कवडी हे समुद्रातल्या एका गोगलगायीचं कवच. मालदीव बेटांवरून ती शेकडो वर्षं भारतात येत असे. बंगाल-ओरिसाकडे तर ती नाणं म्हणून चालायची! आणि बंजारे म्हणजे त्या काळची मालगाडीच. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून त्यांचे तांडे मुलुखभर फिरत.

मग १८६० च्या दशकात चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या वाटेने आगगाडी आली. बैलांवरचा व्यापार बसत गेला. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. हा डाग कायद्याने पुसला गेला तो १९५२ साली. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींमध्ये मोडतो. धंदा गेला, मान गेला, पण बायकांनी सुई सोडली नाही.

असंच दूर अमेरिकेतही घडलं. तिथले ओजिब्वे लोक लाकडी चौकटीवर उभे दोरे ताणतात आणि त्यांत मणी गुंफून पट्टे विणतात. काचमणी आले युरोपातून, पण नक्षी त्यांची स्वतःची. ती पाहून 'हे आमचं' असं ओळखता येतं.

आणि आपल्या धुळे जिल्ह्यात? शिरपूरकडे होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो. तिथे पावरा मुली चांदीचे दागिने आणि मण्यांच्या माळा घालून दिमाखात येतात.

गॅदरिंगच्या दिवशी आमची ती मुलगी आजीचा हात धरून स्टेजवर आली. स्पर्धेसाठी नव्हे हं! काचळीवरची एकेक वस्तू दाखवत तिने माहिती सांगितली. एरवी वर्गात तोंडातून शब्द न काढणारी ही पोर त्या दिवशी थांबेचना!

पालकांनो, असे कपडे रोज घालणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. गाठोडी विकण्याआधी एकदा मुलांसमोर उघडा. आणि मुलांनो, तुमच्या आजीच्या पेटीत काय आहे? गोधडी? पोत? एखादा जुना बटवा? तो कोणी केला, कसा केला, आजच विचारा. आणि जमलं तर एक टाका घालायलाही शिका!